अटलांटिक गुलामगिरीतल्या शारीरिक आणि मानसिक यातना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुलामगिरीचा विषय निघाला की पहिला प्रश्न चाबकाचा येतो. ज्यांनी ती भोगली त्यांच्या आठवणी वाचल्या तर चाबूक आहेच, पण त्याहून जास्त पानं आई, मूल, भावंडं आणि लिलाव यांनी भरलेली आहेत. खालची उत्तरं लिहिताना हे सतत डोळ्यांसमोर होतं. काही मजकूर वाचायला जड आहे. मुलांना वाचून दाखवणार असाल तर आधी स्वतः वाचून घ्या.

हे नेमकं कुठल्या काळाबद्दल आहे? माणसं किती होती?

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १८६० च्या दशकापर्यंत आफ्रिकेतून अमेरिका खंडांत आणि कॅरिबियन बेटांवर नेलेल्या माणसांबद्दल. जहाजांवर चढवलेल्यांची संख्या सुमारे १ कोटी २५ लाख, जिवंत उतरलेल्यांची सुमारे १ कोटी ७ लाख. मधले १८ लाख समुद्रातच गेले.

सगळ्यात जास्त, म्हणजे ४८ लाखांच्या आसपास माणसं एकट्या ब्राझीलला गेली. आज जिला अमेरिका म्हणतो तिथे थेट उतरवलेले चार लाखही नव्हते, पण १८६० च्या जनगणनेत तिथल्या गुलामांची संख्या ४० लाखांच्या जवळ पोचली होती. कॅरिबियन बेटांवर नेमकं उलट झालं. ब्रिटिशांच्या बेटांवर सुमारे २३ लाख माणसं उतरवली गेली आणि १८३४ साली कायद्याने गुलामगिरी संपली तेव्हा तिथे सात लाखही उरली नव्हती. उसाच्या मळ्यांवर जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होते आणि मालकांना नवा माणूस विकत घेणं परवडत होतं. यातनांचं मोजमाप मागणाऱ्याला मी आधी हे दोन आकडे दाखवतो.

यातना जहाजावर चढल्यापासून सुरू होत का?

नाही, त्याच्या कितीतरी आधी. लढाईत किंवा धाडीत पकडलेल्या माणसाला गळ्यात लाकडी जोखड किंवा दोर अडकवून, रांगेने बांधून किनाऱ्यापर्यंत चालवत नेत. कधी शेकडो मैल. किनाऱ्यावर एल्मिना, केप कोस्ट यांसारख्या किल्ल्यांच्या तळघरांत जहाज येईपर्यंत कोंडून ठेवत, आणि ही वाट पाहणं आठवड्यांचं असे, कधी महिन्यांचं. त्या अंधारात शेजारी बांधलेला माणूस आपली भाषा बोलेल याचीही खात्री नसे. जहाज दिसायच्या आधीच मेलेले वरच्या १८ लाखांत धरलेले नाहीत.

जहाजावर माणसं खरंच इतकी कोंबलेली असत, की चित्रं अतिरंजित आहेत?

'ब्रूक्स' या लिव्हरपूलच्या जहाजाचा आराखडा गुलामगिरीविरोधी मंडळींनी १७८८-८९ मध्ये छापला. त्यात एका पुरुषाला दिलेली जागा सहा फूट लांब आणि १६ इंच रुंद आहे. कुशीवर वळायचं तर शेजाऱ्यालाही वळावं लागेल एवढी. हा आराखडा ४५४ माणसांचा, म्हणजे १७८८ च्या नव्या कायद्याने घातलेल्या मर्यादेत बसणारा. त्याआधीच्या एका फेरीत याच जहाजाने ६०९ जण नेले होते. म्हणजे चित्र अतिरंजित तर नाहीच, उलट सौम्य आहे.

पुरुषांना दोघादोघांच्या जोड्या करून पायात बेड्या घालत. शौचासाठी बादल्या असत. बेडीतल्या जोडीला इतरांच्या अंगावरून, दोघांनी एकदमच, तिथवर सरपटत जावं लागे. बरेचदा ते जमतच नसे. मग रक्ती आव पसरे. अलेक्झांडर फाल्कनब्रिज नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरने १७८८ मध्ये लिहून ठेवलंय की, खालच्या कप्प्याची जमीन रक्त आणि आवेने इतकी माखलेली असे की खाटीकखान्याची आठवण व्हावी. देवी, गोवर आणि डोळ्यांची साथ वेगळीच. हा प्रवास साधारण सहा आठवडे ते तीन महिने चाले.

बायका आणि मुलांना बहुधा बेड्या नसत. त्यांना ठेवलेलं असे खलाशांच्या हाताशी. फाल्कनब्रिजसारख्यांनी यावरही लिहिलं आहे, आणि ते वाचल्यावर 'मोकळ्या' या शब्दावर विश्वास राहत नाही.

'झाँग' जहाजाचा खटला काय होता?

१७८१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये या जहाजावरून १३० हून अधिक जिवंत माणसं समुद्रात फेकण्यात आली. पाणी कमी पडतंय हे कारण सांगितलं गेलं. विम्याचा नियम असा होता की गुलाम आजाराने मेला तर भरपाई नाही, पण जहाज वाचवण्यासाठी 'माल' टाकून द्यावा लागला तर मिळते. मालकांनी माणशी ३० पौंडांचा दावा लावला. १७८३ मध्ये लंडनच्या कोर्टात वाद झाला तो विम्याचा. खुनाचा खटला कुणावरही चालला नाही.

लोक जेवण का नाकारत? समुद्रात उडी का मारत?

कारण मरण हाच एक निर्णय त्यांच्या हातात उरला होता. मेल्यावर आपण आपल्या माणसांत परत जातो, असं अनेक जण मानत. जहाजवाल्यांना हे ठाऊक होतं, म्हणून कठड्याभोवती जाळ्या लावलेल्या असत आणि न जेवणाऱ्याला जबरदस्तीने भरवलं जाई. त्यासाठी दातांत घालून स्क्रूने जबडा उघडायचं लोखंडी हत्यार होतं. गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या टॉमस क्लार्कसनने ते लिव्हरपूलच्या एका दुकानातून विकत घेतलं, सोबत हातकड्या, बेड्या आणि अंगठा चिरडायचा चाप. हे सगळं दुकानात खुलेआम विकायला होतं.

गुलामगिरीतून सुटून पुढे आत्मचरित्र लिहिणाऱ्या ओलाउडा इक्वियानोने लिहिलंय की त्याने खायला नकार दिला तेव्हा एकाने हात धरून त्याला आडवं केलं, पाय बांधले आणि दुसऱ्याने फटके मारले. तेव्हा तो लहान मुलगा होता.

रोज थोडा वेळ डेकवर आणून, चाबूक हातात घेऊन, या लोकांना नाचायला लावत. हातपाय आखडलेला माणूस बाजारात कमी भावाला जातो, म्हणून हा 'व्यायाम'.

उतरल्यानंतरही हे थांबलं नाही. १८०३ मध्ये जॉर्जियाच्या सेंट सायमन्स बेटापाशी पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो लोकांच्या एका गटाने बोटीचा ताबा मिळवला आणि ते खाडीच्या पाण्यात चालत गेले. त्यांतले काही बुडाले. ब्राझीलमध्ये नव्याने आणलेल्या लोकांना ग्रासणाऱ्या जीवघेण्या उदासीला 'बांझो' असं नावच पडलं होतं. माणूस बोलणं सोडतो, खाणं सोडतो आणि झिजून मरतो.

मळ्यावरच्या कामाने शरीराचं काय होई?

पीक कोणतं यावर ते ठरे.

ऊस सर्वांत वाईट. गाळपाच्या हंगामात चरक रात्रंदिवस फिरे. दिवसभर ऊसतोडणी केलेल्या माणसांनाच रात्रपाळीला चरकात ऊस घालावा लागे. झोपेने पेंगुळलेल्याची बोटं चरकाच्या रुळांमध्ये गेली की मागोमाग अख्खा हात जाई. म्हणून चरकाजवळ कुऱ्हाड ठेवलेली असे, हात तोडून माणूस सोडवायला. पलीकडे काहिलीतला उकळता रस. तो कातडीवर पडला तर चिकटून बसतो, निघत नाही.

भाताच्या शेतांत, दक्षिण कॅरोलायनाच्या दलदलीत, दिवसभर गुडघाभर पाणी आणि हिवताप.

मिठागरांबद्दल फार कमी लिहिलं जातं. बर्म्युडात जन्मलेल्या मेरी प्रिन्सची हकिगत १८३१ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली, तिच्यात टर्क्स बेटावरच्या मिठागराचं वर्णन आहे. पहाटे चारला हातात फावडं देऊन खाऱ्या पाण्यात उभं करायचं, नऊ वाजता उकडलेला मका गिळायला थोडी उसंत, पुन्हा पाण्यात. तासन्‌तास खारात उभं राहून पायांवर गळवं उठत आणि ती काहींच्या बाबतीत हाडापर्यंत खात जात, असं ती सांगते. त्या पायांनी दुसऱ्या दिवशी पहाटे परत त्याच पाण्यात जायचं असे.

कापूस यापुढे सोपा वाटेल, पण सोलोमन नॉर्थप काय सांगतो ते पाहा. हा न्यूयॉर्क राज्यातला स्वतंत्र नागरिक. १८४१ मध्ये त्याला फसवून पळवलं आणि लुईझियानात विकलं. बारा वर्षं तो तिथे होता. संध्याकाळी प्रत्येकाची टोपली वजनाला लागे. दोनशे पौंड म्हणजे एका दिवसाचं सर्वसाधारण काम. कमी भरलं तर फटके. दहा-वीस पौंड जास्त भरलं तर उद्यापासून तेवढं रोज भरायचं. त्यामुळे कितीही थकलेला असो, टोपली घेऊन काट्याकडे जाणारा प्रत्येक जण भीतभीतच जाई. कमी वेचलं तरी मरण, जास्त वेचलं तरी मरण. शारीरिक आणि मानसिक यातना वेगळ्या करायला निघालेल्यांनी हा तराजू समोर ठेवावा.

पोटभर खायला तरी मिळे का?

पोट भरायला मका आणि डुकराचं खारवलेलं मांस बहुतेक ठिकाणी मिळे. पोषण होई असं म्हणता येणार नाही. गुलामगिरीतून पळून जाऊन लेखक झालेला फ्रेडरिक डग्लस मेरीलंडमधल्या आपल्या लहानपणाबद्दल सांगतो की मक्याची लापशी लाकडी परातीत ओतून जमिनीवर ठेवत आणि मुलं शिंपल्यांनी ओरपत. जो भराभर खाईल त्याला जास्त. वर्षाला दोन जाडेभरडे सदरे, तेही फाटले तर पुढच्या वर्षीपर्यंत उघडं. थंडीने त्याच्या पायांना इतक्या भेगा पडल्या होत्या की आता लिहितोय ते पेन त्या भेगांत ठेवता येईल, असं त्याने लिहिलंय.

अमेरिकेत गुलाम आईच्या पोटी जन्मलेलं बाळ वर्षाच्या आत दगावण्याची शक्यता गोऱ्या बाळाच्या जवळपास दुप्पट होती. गरोदरपणी शेवटपर्यंत शेतात, बाळंतपणानंतर लवकरच पुन्हा शेतात.

चाबूक रोजचाच होता का?

मळ्यामळ्यावर फरक होता. काही जणांना आयुष्यात मोजके फटके पडले, काहींना आठवड्याला. पण शिक्षा सगळ्यांना जमवून, सगळ्यांच्या देखत होई, त्यामुळे एकाच्या पाठीवरचे फटके पन्नास जणांच्या मनावर उठत. वर जखमांत मिठाचं पाणी चोळायची पद्धत होती.

१८६३ मध्ये लुईझियानातून पळून बॅटन रूजच्या, उत्तरेकडच्या सैन्याच्या छावणीत पोचलेल्या पीटरचा (काही ठिकाणी त्याचं नाव गॉर्डन असं येतं) पाठमोरा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. पाठीवर वणांचं जाळं आहे. मला त्यात पाठीपेक्षा त्याची बसण्याची ढब जास्त जाणवते, हात कमरेवर, चेहरा बाजूला वळवलेला, मान ताठ.

कायदा मालकाच्या बाजूने होता. व्हर्जिनियाने १६६९ मध्येच ठरवून टाकलं की प्रतिकार करणारा गुलाम शिक्षा करताना मेला तर तो गुन्हा धरायचा नाही. स्वतःचाच माल कोण मुद्दाम नष्ट करेल, असा तर्क.

बायकांचे हाल वेगळे होते का?

शेतात पुरुषाएवढंच काम, आणि त्यावर हे.

१६६२ च्या व्हर्जिनियातल्या कायद्याने मूल आईच्या दर्जाचं ठरवलं. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कुणीही असो. मालकाने बलात्कार केला तर गुन्हा नाही आणि होणारं मूल त्याच्याच मालमत्तेत भर. १८०८ पासून अमेरिकेत बाहेरून गुलाम आणण्यावर बंदी आली, तेव्हा तर बाईची कूस हाच मालकाचा गुंतवणुकीचा मार्ग झाला. विक्रीच्या जाहिरातींत 'चांगली मुलं होणारी' हा गुण म्हणून छापत.

हॅरिएट जेकब्ज, उत्तर कॅरोलायनातली. मालक तिच्या मागे लागला तेव्हा ती किशोरवयात होती. पुढे ती पळाली ती गावाबाहेर नाही, आजीच्या घराच्या पोटमाळ्यावर. नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि उंची जिथे सर्वांत जास्त तिथे तीन फूट. तिथे ती सात वर्षांच्या आसपास राहिली. उभं राहता येत नव्हतं. उंदीर, उन्हाळ्यात छपराची आग, थंडीत गारठलेले पाय. एक गिरमिट सापडलं, त्याने तिने भिंतीला बारीक भोकं पाडली आणि खाली खेळणारी स्वतःची मुलं त्यातून पाहिली. आई डोक्यावर आहे हे मुलांना माहीत नव्हतं. आणि तरीही मालकाच्या घरापेक्षा हे बरं, असं ती लिहिते.

अलाबामात मॅरियन सिम्स या डॉक्टरने १८४५ ते १८४९ या काळात बाळंतपणातून उद्भवलेल्या फिस्टुलावरच्या (आतून फाटून पडलेल्या, लघवी गळत राहणाऱ्या छिद्रावरच्या) शस्त्रक्रिया गुलाम बायकांवर करून पाहिल्या. बधिर न करता. अनार्का, बेट्सी आणि लूसी ही तीन नावं त्याच्याच लिखाणातून कळतात. एकट्या अनार्कावर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या. त्याचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून २०१८ मध्ये हलवला.

सगळ्यात मोठी मानसिक यातना कोणती?

विकलं जाणं. याबद्दल आठवणी लिहिणाऱ्यांत मतभेद दिसत नाही.

१७९० ते १८६० या काळात व्हर्जिनिया, मेरीलंडसारख्या जुन्या राज्यांतून खोल दक्षिणेतल्या कापसाच्या मुलखात सुमारे दहा लाख माणसं नेण्यात आली, त्यांतले फार मोठ्या संख्येने व्यापाऱ्यांना विकलेले. कारण काहीही पुरे. मालक मेला, कर्ज झालं, मुलीचं लग्न ठरलं आणि आंदण द्यायचं आहे.

नॉर्थपने न्यू ऑर्लिन्सच्या बाजारातल्या एलायझाची गोष्ट सांगितली आहे. मुलगा रँडल आधी विकला गेला. मग आईला एकाने घेतलं. ती पाया पडली, मुलीलाही घ्या म्हणाली. घेणारा तयारही झाला, पण व्यापारी एमिलीला विकायला राजी होईना, कारण पोरगी देखणी होती आणि पुढे तिचे जास्त पैसे येणार होते. एलायझा त्यानंतर नीट काम करू शकली नाही. घरकामातून शेतात पाठवली गेली, मग दुसऱ्याला विकली, खंगत गेली आणि मेली. तिला झालेला आजार कुठल्याही मालकाच्या वहीत सापडणार नाही.

याच भीतीचं दुसरं टोक मार्गारेट गार्नर. १८५६ च्या जानेवारीत ती कुटुंबासह गोठलेली ओहायो नदी ओलांडून, गुलामगिरी नसलेल्या ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीला पोचली. पकडणारे दाराशी आले तेव्हा तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा गळा कापला. तिला परत दक्षिणेत पाठवलं गेलं. वाद पेटला तो तिच्यावर खुनाचा खटला चालवायचा की मालकाची 'मालमत्ता' त्याला परत द्यायची, यावर.

त्या काळच्या डॉक्टरांना हे मनाचे आजार दिसत नव्हते?

दिसत होते, फक्त उलटे. सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरने १८५१ मध्ये 'ड्रेपटोमेनिया' नावाचा रोग जाहीर केला. लक्षण एकच, गुलामाला पळून जावंसं वाटणं. इलाजांत चाबूक होता.

पण ते गात, नाचत असत. म्हणजे काही सुख असेलच ना?

डग्लसने याला सरळ उत्तर दिलंय. गुलाम सर्वांत जास्त गातो तो सर्वांत दुःखात असताना. गाण्याने मन हलकं होतं, जसं रडण्याने होतं. ती गाणी ऐकून लोक गुलामांना सुखी समजतात याचं त्याला नवल वाटे. सुखाचे क्षण नव्हते असं कुणीच म्हणत नाही. लग्नं झाली, गोष्टी सांगितल्या गेल्या, रात्री चोरून प्रार्थना झाल्या. डग्लसची आई दुसऱ्या मळ्यावर होती. दिवसभर राबून रात्री बारा मैल चालत ती मुलाला कुशीत घेऊन झोपवायला येई आणि उजाडण्याआधी परत जाई. अशा चार-पाच भेटी. तो साधारण सात वर्षांचा असताना ती वारली.

सगळेच मालक वाईट होते का?

नव्हते. हॅरिएट जेकब्जच्या पहिल्या मालकिणीने तिला लिहाय-वाचायला शिकवलं आणि मायेने वागवलं. मरताना मृत्युपत्रात तिला आपल्या लहानग्या भाचीच्या नावे केलं. त्याच भाचीचा बाप पुढे हॅरिएटच्या मागे लागला.

हाडांचा काही पुरावा आहे का?

आहे. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये सरकारी इमारतीचा पाया खणताना आफ्रिकी लोकांचं जुनं दफनस्थान सापडलं. चारशेहून अधिक सांगाडे निघाले, त्यांत जवळपास निम्मी मुलं. हाडांवर स्नायू जिथे जोडलेले असतात तिथे ताणाच्या खुणा, डोक्यावरच्या ओझ्याने मानेच्या मणक्यांना झालेली इजा, मुलांच्या दातांवर उपासमारीच्या आणि आजाराच्या रेषा. उत्तरेकडच्या शहरांत गुलामगिरी 'हलकी' होती, हा समज या सांगाड्यांनी खोडून काढला.

मुक्ती मिळाल्यावर भरपाई मिळाली?

मालकांना मिळाली. ब्रिटिश सरकारने २ कोटी पौंड मोजले आणि त्यासाठी काढलेलं कर्ज २०१५ मध्ये फिटलं. मुक्त झालेल्यांना काहीच नाही, उलट 'उमेदवारी'च्या, म्हणजे शिकाऊ कामाच्या नावाखाली १८३८ पर्यंत त्याच मालकांकडे राबावं लागलं.

अमेरिकेत १८६५ नंतर लोकांनी पहिलं काम केलं ते आपली माणसं शोधायचं. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत 'शोध हवा' अशा जाहिराती पुढची कित्येक दशकं येत राहिल्या. आईचं नाव, कुठल्या मालकाकडे होतो, कुठल्या व्यापाऱ्याने नेलं, तेव्हा वय काय होतं. पाळक मंडळी त्या चर्चमध्ये वाचून दाखवत.

मराठीत याची दखल कधी घेतली गेली?

फार लवकर. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, अमेरिकेत मुक्ती होऊन जेमतेम आठ वर्षं झाली असताना.

वंशजांना पूर्वजांची नावं सापडतात का?

१८७० च्या जनगणनेपर्यंत बहुधा सापडतात, त्यामागे अवघड होतं. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या होत्या. त्यांत मालकाचं नाव लिहिलेलं आणि त्याखाली नुसतं वय, लिंग आणि रंग. त्यामुळे शोधणारे उलट्या बाजूने जातात, आधी मालक कोण ते काढतात आणि मग त्याची मृत्युपत्रं, कर्जाचे कागद, विक्रीच्या पावत्या चाळतात. एक मोठा आधार म्हणजे १८६५ ते १८७४ या काळात चाललेली, मुक्त झालेल्या गुलामांसाठीची फ्रीडमन्स बँक. खातं उघडताना अनेकदा आईवडील आणि भावंडं यांची नावं विचारत. दूर विकल्या गेलेल्यांचीही नावं लोकांनी त्या रकान्यांत लिहवून घेतली आहेत.